तेरावा मजला

कोपरखैरणे, महापालिकेची शाळा,
चौथी ब, पट एकसष्ट.
तिसऱ्या बाकावर भिंतीकडून शर्वाणी तांडेल.

जूनमध्येच विचारलं होतं तिनं,
"बाई, पप्पा लिफ्ट दुरुस्त करतात ना सानपाड्याच्या टॉवरमध्ये,
तिथे बाराच्या वर एकदम चौदाचं बटण आहे.
मग चौदाव्यावरच्या लोकांना माहीत असतं का,
की ते तेराव्यावर राहतात?"

वर्ग हसला.
मीही हसले, खोटं कशाला बोलू,
आणि म्हटलं, "शर्वाणी, पान अठ्ठावीस."

पान अठ्ठावीस तिचं झालेलं असायचं.
फळ्यावर तारीख घालून मी वळेपर्यंत
तिचं पेन टोपणात गेलेलं,
आणि उरलेली पस्तीस मिनिटं
ती खिडकीच्या गजांतून पारसिकच्या डोंगराकडे.
मग मी तिला कामं लावली.
वह्या वाट, खडू आण,
खिचडीच्या ताटल्या मोज,
वेदांतकडून सातचा पाढा म्हणवून घे.
लवकर संपलं? शाब्बास. ही घे अजून दहा, तसलीच.
हे बक्षीस नव्हे, एवढं कळायला
माझ्या नोकरीची बावीस वर्षं गेली.

पालकसभेत तिची आई म्हणाली,
"घरी नुसतं डोकं खाते हो, शाळेत तरी गप बसते ना?"
"अगदी गप," मी म्हटलं.
कौतुकानं म्हटलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "हुशार आहे ना? येईल आपोआप वर.
तुम्ही मागचे बघा."
बघतच होते मी मागचे.
एकोणीस जणांना अजून
हातचा धरता येत नव्हता.

दिवाळीनंतर आधी तिचं अक्षर बिघडलं,
मग उत्तरं.
जानेवारीच्या चाचणीत गुणाकार, दहापैकी शून्य.
लाल पेनानं शून्य काढताना
मला आतून जरा बरं वाटलं,
चला, पोरीचे पाय जमिनीला लागले.
(हे लिहिताना हात थांबतो. तरी लिहिते.)

रात्री घणसोलीला, भांडी आवरून
गठ्ठा पुन्हा उघडला, गुण चढवायला.
पहिलं उत्तर एकानं जास्त.
दुसरंही एकानं.
तिसरं दोननं. मग तीन. मग पाच. मग आठ.
सातवं गणित कोरं.
आठवं एकवीसनं,
मग चौतीस, मग पंचावन्न.

दुधाच्या हिशेबाच्या कागदामागे
मांडले आकडे एका ओळीत.
मागचे दोन मिळवले की पुढचा.
पाच नि आठ
मिळवले, आणि कोऱ्या जागेत
कोण राहत होतं ते दिसलं.
साडेअकरा वाजले होते.
इतकं नेमकं चुकायला
आधी सगळं बरोबर यावं लागतं.
आणि मग कुणी बघतंय का,
याची वाट पाहावी लागते. किती दिवस, कोण जाणे.

शून्य खोडलं नाही मी.
खाली लिहिलं फक्त,
"अकरावं गणित असतं तर ८९ नं चुकली असतीस ना?"

तिनं पेपर घेतला. वाचला.
घडी घालून कंपासपेटीत ठेवला.
हसली वगैरे नाही.
मधल्या सुट्टीत आली टेबलाशी,
खिचडीचा हात धुतलेला, ओला,
कोपरावरून पाणी ठिबकत माझ्या हजेरीवर.
"बाई, सातवं दिसलं तुम्हाला?"
"दिसलं."
"मग सांगा ना. त्यांना माहीत असतं का?"

"मला नाही माहीत गं," मी म्हटलं.
टेबलाच्या या बाजूनं
हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते.
"तुला काय वाटतं?"

ती बोलायला लागली.
घंटा झाली, ती बोलतच होती,
लिफ्टबद्दल, पोस्टमनबद्दल,
शून्य हा मजला आहे का याबद्दल.
आत वर्गात
एकोणीस जण हातच्यासाठी थांबले होते.